निराधार अनुदान ‘सिस्टीमने बंद केले’ असे उत्तर मिळते. जाब नेमका कोणाला विचारायचा?

प्रश्न : शिक्षिका, दक्षिण नागपूर

सर्वांना नमस्कार. आमच्या वस्तीत एक विधवा मावशी राहतात. त्यांना दरमहा मिळणारे १,५०० रुपयांचे निराधार अनुदान काही महिन्यांपासून खात्यात जमा झालेले नाही. हयातीचा दाखला त्यांनी वेळेवर दिला आहे, उत्पन्नाचा दाखला ताजा आहे आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे. तरीही पैसे येत नाहीत, म्हणून मी त्यांच्यासोबत संबंधित कार्यालयात गेले. तेथील लिपिकाने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवून दाखवला. मावशींच्या नावापुढे तांबड्या अक्षरांत ‘अपात्र’ एवढेच लिहिलेले होते आणि त्यापुढचा कारणाचा रकाना रिकामा होता. ‘हे आम्ही केलेले नाही, सिस्टीमने केले आहे, आमच्या हातात काही नाही,’ असे ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात उद्धटपणा मुळीच नव्हता. त्यांना खरोखरच कारण ठाऊक नव्हते, असे मला वाटले.

त्यानंतर आम्ही पोर्टलवर दिलेल्या मदत क्रमांकावर फोन केला. तो क्रमांक ज्या कंपनीकडे आहे, तिच्या प्रतिनिधीने सांगितले की माहिती कार्यालयाकडून येते, कंपनी केवळ यंत्रणा चालवते, त्यामुळे कार्यालयातच चौकशी करावी. कार्यालय कंपनीकडे पाठवते आणि कंपनी कार्यालयाकडे, आणि या दोघांच्या मध्ये एका बाईच्या औषधांचे पैसे अडकून पडले आहेत.

हा प्रश्न एका मावशींपुरता राहिलेला नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. आपल्या शहरात चौकाचौकांत कॅमेरे आहेत. पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने पुरवण्यासाठी राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ नावाची कंपनी स्थापन केली, तिचा कारभार नागपुरातूनच चालतो. गुन्ह्यांच्या तपासासाठी मायक्रोसॉफ्टच्या तंत्रज्ञानावर उभारलेली ‘महाक्राइमओएस’ ही प्रणाली आधी नागपुरातील २३ पोलीस ठाण्यांत वापरून पाहिली गेली, आणि ती राज्यातील १,१०० ठाण्यांत नेण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये झाली. या साधनांचा उपयोग होत असेलही. परंतु उद्या अशा एखाद्या यंत्रणेने कोणाविषयी चुकीचा निष्कर्ष काढला, तर त्याचे उत्तर यंत्रणा बनवणारी कंपनी देणार की ती वापरणारा अधिकारी? की मावशींच्या बाबतीत झाले तसे कोणीच नाही? आज १,५०० रुपयांच्या बाबतीत जे उत्तर आपण मुकाट्याने स्वीकारू, तेच उत्तर उद्या अटकेच्या बाबतीतही ऐकावे लागेल, अशी मला भीती वाटते.

मावशींसाठी आत्ता काय करता येईल आणि व्यापक प्रश्नाकडे कसे पाहावे, या दोन्हींवर जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर : निवृत्त लेखापरीक्षक, धरमपेठ

ताई, आपण दोन्ही प्रश्न एकत्र विचारलेत हे योग्य केलेत, कारण दोन्हींचे उत्तर माझ्या मते एकाच ठिकाणी आहे. सरकारी पैसा देणे किंवा थांबवणे हा निर्णय असतो आणि निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने एखाद्या पदावरील व्यक्तीला दिलेला असतो, यंत्रणेला नव्हे. ‘सिस्टीमने बंद केले’ हे घटनेचे वर्णन झाले. ते शासकीय उत्तर नव्हे. मंजुरीच्या आदेशावर ज्या पदाची सही होती, ती मंजुरी थांबवण्याची जबाबदारीही त्याच पदाची आहे, मग बटण कोणीही दाबलेले असो. माझी सारी नोकरी नस्त्या (फाइली) तपासण्यात गेली, आणि कोणत्याही गोंधळात मी सर्वप्रथम एकच गोष्ट शोधत असे: शेवटची सही कोणाची आहे?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ सर्वांना ठाऊक असतो. परंतु त्यातील कलम ४(१)(घ) फारसे कोणी वापरत नाही. प्रशासकीय निर्णयाची कारणे त्या निर्णयाने बाधित झालेल्या व्यक्तीला पुरवणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, असे ते कलम सांगते. म्हणजे कारणाचा रकाना रिकामा ठेवण्याची मुभाच मुळात कोणाला नाही. मावशींनी एक साधे पत्र देऊन या कलमाचा उल्लेख करावा आणि अनुदान थांबवण्याचा सकारण लेखी आदेश मागावा. असा आदेश काढलेलाच नसेल, तर अनुदान आदेशाविना थांबले हे उघड होईल, आणि तेवढी कबुलीसुद्धा वरिष्ठांकडे जाताना फार उपयोगी पडते.

त्यासोबतच माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात करावा, त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावावे, आणि मावशी दारिद्र्यरेषेखालील असतील तर त्याचा पुरावा जोडल्यास तेही लागणार नाही. आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा, याची काळजी घ्या, कारण अर्ज परत करण्यासाठी हे निमित्त पुरते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे तीस दिवसांत पहिले अपील करावे, आणि तेथेही काही झाले नाही तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे. विनाकारण माहिती अडवणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला आयोग दररोज २५० रुपयांप्रमाणे, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. हा दंड कार्यालयाच्या तिजोरीतून जात नाही, त्या अधिकाऱ्याच्या खिशातून जातो. आपल्या प्रशासनात व्यक्तीच्या नावावर जबाबदारी लावणारी जी थोडी कलमे आहेत, त्यांतले हे एक आहे.

कंपनीविषयी. माहिती अधिकार खासगी कंपनीला थेट लागू होत नाही हे खरे. परंतु तिने सरकारशी केलेला करार हा सरकारी अभिलेख आहे. अधिनियमातील ‘माहिती’च्या व्याख्येत करार, रोजवह्या आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील सामग्री यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि एखाद्या खासगी संस्थेची जी माहिती सरकारला दुसऱ्या एखाद्या कायद्यान्वये मिळवता येते, तीही नागरिकाला मागता येते. करारात चुकीच्या नोंदींसाठी कंपनीला कोणता दंड ठेवला आहे, तक्रार किती वेळात सोडवायची आहे आणि देयक अदा करण्यापूर्वी कामाची तपासणी कोणी करायची आहे, हे वाचावे. अनेकदा असे आढळते की दंडाची कलमे करारात चांगली लिहिलेली असतात, परंतु एकही दंड न लावता देयके मंजूर होत राहतात. तेथे कंपनीइतकाच, किंबहुना अधिक, दोष देयकावर सही करणाऱ्याचा असतो. ‘व्यापारी गुपित’ म्हणून करार नाकारला गेला, तर ज्या कलमाने तो नाकारला जातो त्याच कलमात व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद आहे, हे अपिलात लिहावे. आणि काही भाग खरोखर गोपनीय असला तरी कलम १० प्रमाणे उरलेला भाग द्यावाच लागतो.

मार्व्हलबद्दल आपण विचारलेत. ती राज्य सरकारची कंपनी असल्याने तिच्या हिशेबांवर भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे लक्ष असते, आणि कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ३९५ प्रमाणे तिचा वार्षिक अहवाल लेखापरीक्षणाच्या अभिप्रायांसह विधिमंडळापुढे ठेवला जायला हवा. गुप्तवार्ता किंवा सुरक्षा संस्था म्हणून राज्य सरकार एखाद्या संस्थेला अधिसूचनेने माहिती अधिकारातून वगळू शकते, पण तशा संस्थेकडूनही भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांसंबंधीची माहिती मागता येते. शिवाय हिवाळी अधिवेशन आपल्या गावात भरते. आपल्या आमदारांकडून तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना दाखल करून घेण्यासाठी नागपूरकरांना मुंबई गाठावी लागत नाही. ‘या प्रणालीने दिलेला निष्कर्ष कोणत्या दर्जाचा अधिकारी तपासतो आणि त्याची लेखी नोंद कोठे होते’ एवढा एक प्रश्न सभागृहात विचारला गेला, तरी मंत्र्यांना उत्तर द्यावे लागते, आणि दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे.

जाता जाता: महाराष्ट्रात ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ म्हणून ओळखला जाणारा २००५ चाच एक अधिनियम आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहू नये. मावशींच्या अर्जाची नस्ती कोणत्या टेबलावर किती दिवस होती, हे अवश्य मागा.

उत्तर : वकील, सिव्हिल लाइन्स

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. त्यात न्यायालयीन बाजूची थोडी भर घालतो.

प्रशासकीय आदेश त्यात नमूद केलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे, नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडून तो सावरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल प्रकरणात १९७७ मध्येच सांगितले आहे. त्यामुळे मावशींनी आज कारण लेखी मागितले आणि कार्यालयाने ‘प्रणालीत अपात्र’ एवढेच लिहून दिले, तर पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली जाण्याची वेळ आली तेव्हा कार्यालयाची बाजू फार दुबळी असेल. तेलंगणात सुमारे १९ लाख शिधापत्रिका लाभार्थ्यांना नोटीस न देता संगणकीय निकषांवरून रद्द झाल्या होत्या. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये प्रत्यक्ष घरोघरी पडताळणी करण्याचा आदेश दिला. यंत्राने काढलेला निष्कर्ष फार तर चौकशी सुरू करण्याचे कारण होऊ शकतो. चौकशीची जागा तो घेऊ शकत नाही.

बड्या तंत्रज्ञान कंपन्यांचे प्रकरण वेगळे आहे, आणि तेथे नागरिक कोणत्या नात्याने उभा आहे यावर सारे अवलंबून असते. आपण पैसे मोजून सेवा घेतली असेल, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीचे मुख्यालय बंगळुरूत असो की कॅलिफोर्नियात; आणि मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. समाजमाध्यमावरील मजकुराबाबत किंवा बंद केलेल्या खात्याबाबत २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपनीवर तक्रार निवारण अधिकारी नेमणे, चोवीस तासांत पोच देणे आणि पंधरा दिवसांत (फेब्रुवारी २०२६ पासून सात दिवसांत) निर्णय देणे बंधनकारक केले. त्या निर्णयाविरुद्ध केंद्राच्या तक्रार अपील समित्यांकडे तीस दिवसांत ऑनलाइन अपील करता येते. या समित्या २०२३ पासून काम करतात. बहुतेकांना त्यांचे अस्तित्वच ठाऊक नाही, ही मोठी खंत आहे.

मात्र मोठ्या दंडांच्या बातम्यांनी सामान्य माणसाने फार हुरळून जाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपच्या गोपनीयता धोरणावरून मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा. हे निर्णय बाजाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत, परंतु त्यांतील एक रुपयाही वापरकर्त्याच्या हाती येत नाही. डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण अधिनियम, २०२३ चीही तीच गत आहे. त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद नाही. उलट माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील भरपाईचे कलम ४३अ वगळण्याची तरतूद त्यात आहे. नागरिकांचे बहुतेक हक्क नियम अधिसूचित झाल्यापासून, म्हणजे नोव्हेंबर २०२५ पासून, अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. मात्र माहिती अधिकार अधिनियमातील कलम ८(१)(ञ) बदलणारी तरतूद तत्काळ लागू झाली. पूर्वी वैयक्तिक माहितीसुद्धा सार्वजनिक कामाशी संबंधित असेल तर देता येत असे. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच कारण नकारासाठी पुरते. अधिकाऱ्याचे नाव, त्याची सही, त्याने केलेली नोंद हेही या सबबीखाली झाकले जाण्याचा धोका आहे. कलम ८(२) मधील जनहिताचा अपवाद अजून शाबूत आहे, तो प्रत्येक अपिलात आवर्जून मांडावा.

आणखी एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. कंपन्यांना जाब विचारण्याच्या नावाखाली सरकारच्या हाती निरंकुश अधिकार देणे हा उपाय नव्हे. केंद्र सरकारविषयीची कोणती माहिती खोटी हे सरकारनेच नेमलेल्या कक्षाने ठरवावे, अशी दुरुस्ती माहिती तंत्रज्ञान नियमांत २०२३ मध्ये झाली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्या प्रकरणात आधीच्या दोन न्यायमूर्तींची मते विभागली गेल्यावर निर्णायक मत न्या. अतुल चांदूरकर यांनी दिले, ज्यांनी पूर्वी अनेक वर्षे नागपुरात वकिली केली होती. कंपनी आणि सरकार या दोघांवरही तिसऱ्याची नजर हवी, आणि ते तिसरे म्हणजे न्यायालय, विधिमंडळ, लेखापरीक्षण आणि आपण.

उत्तर : डिलिव्हरी करणारा, मानेवाडा

वकील साहेबांनी आणि काकांनी दिलेली माहिती मी जपून ठेवली आहे, त्याबद्दल आभार. तरीही एक गोष्ट नम्रपणे मांडतो. हे सर्व मार्ग अशा माणसासाठी आहेत, ज्याला तीस दिवस थांबणे परवडते.

मी एका ॲपसाठी सामान पोहोचवण्याचे काम करतो. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी माझे खाते बंद झाले. दोन ओळींचा संदेश आला की आपण अटींचे उल्लंघन केल्याचे आढळले आहे. कोणती अट, कोणत्या ऑर्डरमध्ये, कोणाच्या तक्रारीवरून, काहीच लिहिलेले नव्हते. मदतीच्या खिडकीत प्रश्न टाकला की ठरावीक उत्तर येई आणि संभाषण आपोआप बंद होई. नागपुरात कंपनीचे एक कार्यालय होते, तेथील माणूस ओळखीचा होता, पण त्याच्या संगणकावरही माझ्याविषयी तेवढेच दिसत होते. म्हणजे ताईंनी लिहिलेला रिकामा रकाना मीही पाहिलेला आहे. फरक इतकाच की मी तेथे ग्राहकही नाही, कारण मी सेवा विकत घेत नाही; आणि कर्मचारीही नाही, कारण करारात मला ‘भागीदार’ म्हटलेले आहे. त्यामुळे ग्राहक आयोगाचे दार माझ्यासाठी बंद, आणि कामगार न्यायालयाचे जवळपास बंदच.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, तिच्यात आमच्यासारख्यांची व्याख्या आली आणि कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याण निधीसाठी द्यावी असे आले, हे चांगलेच झाले. परंतु विमा मिळणे ही एक गोष्ट आणि काम का काढून घेतले हे कळणे ही दुसरी. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात असे लिहिले की काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि चौदा दिवसांची सूचना द्यावी, आणि स्वयंचलित यंत्रणा कामगाराविषयी कशावरून निर्णय घेते हे त्याला समजेल अशा भाषेत सांगावे. महाराष्ट्रातही हेच कलम हवे, आणि त्यासाठी अर्जापेक्षा संघटना लागते, असे माझे ठाम मत आहे. माझे खाते कोणत्याही अपिलामुळे सुरू झाले नाही. आमच्या भागातील बरेच जण एकत्र गेले, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी कोणीही ऑर्डर उचलली नाही, तेव्हा वरून माणूस आला आणि त्याने नोंदी उघडून पाहिल्या. दुसऱ्याच कोणाची तक्रार माझ्या नावावर लागली होती.

ताई, मावशींसारख्या आपल्या वस्तीत आणखी किती जणींचे अनुदान थांबले आहे, ते आधी विचारून पाहा. एकटीचा अर्ज टेबलावर पडून राहतो. पंधरा-वीस बाया एकाच दिवशी अर्ज घेऊन गेल्या की साहेब खुर्चीतून उठून बाहेर येतात.

उत्तर : संगणक अभियंता, परसोडी

मी अशा प्रणाली बनवणाऱ्यांच्या बाजूचा आहे, म्हणून काय मागावे ते सांगतो. ‘सिस्टीमने केले’ या वाक्याच्या आत नेहमी तीन गोष्टी असतात: कोणीतरी लिहून दिलेला नियम, कोठून तरी आलेली माहिती, आणि तो नियम चालवल्याची वेळ. सरकारी कामाच्या कोणत्याही बऱ्या प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद आपोआप होते. कोणत्या लॉगिनने, किती वाजता, आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे त्या नोंदीत असते. तिला आम्ही ‘ऑडिट लॉग’ म्हणतो. काकांनी सांगितलेली शेवटची सही संगणकात याच नोंदीच्या रूपाने असते. नोंदच नसेल, तर सार्वजनिक पैशासाठी अशी प्रणाली स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने ती कशी स्वीकारली, हा स्वतंत्र आणि गंभीर प्रश्न आहे.

मावशींच्या बाबतीत बहुधा नावाचा मेळ बसला नसावा. आधारवर नावापुढे ‘बाई’ असते, बँकेत नसते. एका कागदावर पतीचे नाव मध्ये येते, दुसऱ्यावर वडिलांचे. माणूस हे पाहताच ओळखतो, पण अक्षर न् अक्षर जुळवणारा नियम लिहिला असेल तर यंत्र ते दोन वेगळे लोक समजते. असा नियम लिहिताना किती टक्के जुळणी पुरेशी मानायची हे कोणीतरी ठरवतेच, आणि ते ठरवणे हे तांत्रिक काम नसून धोरणाचे काम आहे. अनेक ठिकाणी ते एखाद्या कनिष्ठ प्रोग्रामरवर सोडून दिले जाते, कारण संबंधित खात्यातून लेखी उत्तरच येत नाही. हे मी जबाबदारीने लिहीत आहे.

ब्रिटनमधील टपाल खात्याचे प्रकरण आमच्या क्षेत्रातील प्रत्येकाने वाचावे. फुजित्सू कंपनीच्या ‘होरायझन’ या हिशेब प्रणालीत त्रुटी होत्या. गल्ल्यात नसलेली तूट ती दाखवत असे. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक उपडाकपालांवर चोरी आणि अफरातफरीचे गुन्हे सिद्ध झाले, काही जण तुरुंगात गेले, काहींचे संसार मोडले. संगणक चुकू शकतो हे मान्य करायला ना कंपनी तयार होती ना खाते. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्रुटी असल्याचे मान्य केले, आणि ब्रिटिश संसदेने २०२४ मध्ये खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द केल्या. तेथे उशिरा का होईना न्याय मिळाला तो एवढ्यासाठी, की त्रुटींच्या अंतर्गत नोंदी अखेर न्यायालयापुढे आल्या. म्हणून नोंद मागा, आणि लवकर मागा, कारण ठरावीक काळानंतर जुन्या नोंदी पुसल्या जातात.

प्रश्नकर्तीकडून : शिक्षिका, दक्षिण नागपूर

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. मानेवाड्याच्या दादांनी सुचवल्याप्रमाणे वस्तीत चौकशी केली, तेव्हा आणखी काही जणींचे अनुदान असेच थांबल्याचे समजले. त्यांतील एकीला तर ते थांबल्याचेच ठाऊक नव्हते, मुलगा देईल तेवढ्यात ती भागवत होती. आम्ही सर्वजणी मिळून जाणार आहोत, अर्ज मात्र प्रत्येकीचा वेगळा असेल. अर्जाचा मसुदा असा केला आहे, कृपया तपासावा:

‘विषय : माझे निराधार अनुदान थांबवण्याच्या निर्णयाचे अभिलेख. कालावधी : जानेवारी २०२५ ते अर्जाचा दिनांक. माझे अनुदान का बंद केले, ते कळवावे. या निर्णयाची नस्ती, टिपणीसह, प्रमाणित प्रतीत मिळावी. माझ्या नोंदीत झालेल्या प्रत्येक बदलाचा दिनांक, वेळ आणि बदल करणाऱ्याचे पदनाम दर्शवणारी संगणकीय नोंद मिळावी. अपात्रता ठरवण्यासाठी लावलेल्या निकषाची आणि तो मंजूर करणाऱ्या आदेशाची प्रत मिळावी. माझी नस्ती कोणत्या टेबलावर किती दिवस होती, हे दर्शवणाऱ्या नोंदीची प्रत मिळावी.’

कंपनीच्या कराराची प्रत मागणारा अर्ज मी माझ्या स्वतःच्या नावाने वेगळा करणार आहे.

उत्तर : निवृत्त लेखापरीक्षक, धरमपेठ

मसुदा उत्तम आहे. फक्त ‘का बंद केले, ते कळवावे’ हे वाक्य काढून टाका आणि त्याजागी ‘बंद करण्याची कारणे ज्या टिपणीत किंवा आदेशात नोंदवली आहेत, त्याची प्रत’ असे लिहा. या अधिनियमाखाली अस्तित्वात असलेला अभिलेख मागता येतो, खुलासा मागता येत नाही, आणि ‘का’ या शब्दावर बोट ठेवून अर्ज निकाली काढण्याची पद्धत जुनी आहे. ‘का’ विचारण्याची जागा कलम ४(१)(घ) खालील वेगळ्या पत्रात आहे. संगणकीय नोंदीपुढे ‘मुद्रित स्वरूपात’ एवढे जोडा.

प्रत्येक अर्ज लाभार्थीच्याच नावाने आणि तिच्याच सहीने किंवा अंगठ्याने जावा. स्वतःची माहिती स्वतः मागितली की वैयक्तिक माहितीची सबब पुढे करता येत नाही. दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, आवक क्रमांक आणि दिनांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका, कारण तीस दिवस त्या दिनांकापासून मोजले जातात. जिल्हाधिकारी कार्यालयातील लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि त्यासाठीचा विहित नमुन्यातील अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, तेव्हा तोही याच आठवड्यात देऊन टाका. कराराची प्रत हाती आली की येथे कळवा. दंडाची कलमे आणि देयके आपण सर्व मिळून ताडून पाहू.